काट्याची साक्ष

चेंबलेल्या जीपची किल्ली फिरवली तसा डॅशबोर्डवरचा इंधनाचा काटा सावकाश उठला आणि पाव टाकीच्या खुणेवर जाऊन थांबला. मयूरी लोहार त्याच्याकडे बघतच राहिली. जीपची टाकी मागच्या बाजूला फाटून लोंबत होती, तिच्यातून पोलीस ठाण्याच्या आवारातलं गवत आरपार दिसत होतं, आणि काटा मात्र सांगत होता की पाव टाकी इथेनॉल आहे, काळजीचं कारण नाही.

“बघा,” ती म्हणाली. “टाकीत थेंब न्हाई, आणि ह्यो काय सांगतोय.”

“ते मी कालच पाहिलं,” तपास अधिकारी खराडे म्हणाले. जिल्ह्याहून अपघाताच्या चौकशीला आलेला हा तरुण अधिकारी कधी चिडत नव्हता की हसत नव्हता, समोरच्याचं बोलणं मात्र पुरतं ऐकून घ्यायचा. “टाकी चेपली, तेव्हा आतला फ्लोट जिथे होता तिथेच अडकला असेल. म्हणजे ट्रक धडकला तेव्हा पाव टाकी इंधन होतं. गाडीच्या संगणकातली नोंदही तेच म्हणते. ताई, मी तुम्हाला तपासू दिलं ते सिकंदरच्या बायकोने फार विनवण्या केल्या म्हणून. यातून निघेल काय ते मला दिसत नाही.”

साहेबांना जे दिसत होतं ते सगळ्या मलकापूरला दिसत होतं. सिकंदर मुल्लाणी मलकापूर ते साखरपा वडाप करायचा, जीपमधून माणसांची ने-आण. मागच्या गुरुवारी बाजाराची माणसं घेऊन निघाला, आणि आंबा घाटात, हाताचा पंजा दिसणार नाही अशा धुक्यात, ऐन वळणावर त्याची जीप बंद पडली. माणसं खाली उतरली. मागून ट्रक आला. साखरप्याला पोरींना शिवणकाम शिकवणाऱ्या सुमन गुरव जीपच्या मागे पिशव्या सांभाळत उभ्या होत्या, त्या जागीच गेल्या.

सिकंदर पहिल्यापासून एकच सांगत होता, इंधन संपलं. संगणक म्हणत होता, होतं. डिझेलचा जमाना असता तर रस्त्यावर निदान तवंग राहिला असता. इथेनॉल पाण्यात विरघळून जातं, आणि घाटात त्या रात्री पाऊस धो धो कोसळत होता. टाकीत काय होतं हे सांगायला काट्याखेरीज कुणीही उरलं नव्हतं. इंधन होतं, तर मग गाडी बंद पडली नाही, ती सिकंदरनं आणखी एक शीट घ्यायला मुद्दाम वळणावर उभी केली. त्याचं नाव सदोष मनुष्यवध. त्याला जन्माची अद्दल घडेल एवढी वर्षं त्यात होती.

मयूरी आणि सिकंदर एकाच सायकलवरून शाळेत गेलेले. त्याच्या बापाचं पंक्चरचं दुकान आणि तिच्या बापाचं गॅरेज भिंतीला भिंत लागून. आज सकाळी सिकंदरची बायको यास्मिन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली होती. रडून रडून डोळ्यांतलं पाणीही आटलेलं. “मयू, त्यो आयुष्यात माझ्याशी सतरा वेळा खोटं बोललाय,” ती म्हणाली होती, “पर ह्ये खोटं न्हाई. तू गाडी बघ.”

म्हणून मयूरी मीटर आणि पान्यांची पिशवी घेऊन आली होती.

टाकीतलं इंधन मोजायची रीत गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याला जोडलेली दांडी त्याच्याबरोबर वरखाली होते आणि एका पट्टीवरून घासत जाते. पातळी उतरेल तसा पट्टीचा विजेला होणारा अडथळा वाढत जातो. एका वायरीनं वीज येते, पट्टीतून जाते आणि दुसऱ्या वायरीनं गाडीच्या लोखंडी सांगाड्यात उतरते. या दुसऱ्या वायरीला अर्थिंग म्हणतात. अडथळा किती, त्यावरून काटा वर की खाली. इतकं साधं ते सर्किट.

“साहेब, फ्लोट अडकलाय म्हणता ना? मग त्याची वायरच काढते,” मयूरी म्हणाली. “वायर काढली की काट्यानं तळाला बसाय पाहिजे. त्याला मग टाकीचं काहीच कळत न्हाई.”

खराड्यांनी मान हलवली. ती जीपखाली सरकली, टाकीच्या डोक्यावरचा कनेक्टर नखानं उचकटून तिनं ओढून काढला आणि ओरडली, “काय म्हणतोय?”

 ती बाहेर आली. खराडे दार धरून वाकून बघत होते. काटा पाव टाकीवर होता. थरथरलाही नव्हता.

“पूरक,” ते हळूच म्हणाले.

हे पूरक काय प्रकरण आहे ते खराड्यांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणी न विचारता सांगितलं, जणू स्वतःलाच. आजकालच्या गाडीत शेकड्यानं सेन्सर. आपल्याकडची धूळ, चिखल, दमट हवा यांत एक ना एक सतत बिघडायचा. मग गाडीच्या संगणकात पूरक आलं. गाडी किती चालली, चढ किती होता, इंजिनावर भार किती पडला, चालकाच्या सवयी काय, हे सगळं बघून ते मेलेल्या सेन्सरच्या जागी स्वतःचा अंदाज भरायचं. अंदाज इतका बेमालूम की मालकाला पत्ता लागू नये. सुरुवातीला अंदाज भरताना एक दिवा लागायचा. लोक वैतागले. काटा बरोबर दाखवतोय तर दिवा कशाला? मग दिवाही गेला. अंदाज जुळतोय तोवर गाडीत दोष नाही, असा नियमच झाला.

“म्हणून आमच्या स्कॅनरला एकही दोष दिसला नाही,” खराडे म्हणाले. “सेन्सर मेलेला आहे. पण मग गुरुवारीच अंदाज का चुकला? गाडीच्या नोंदीत तर दुपारी पंपावर नेहमीएवढं इंधन भरलेलं दिसतंय.”

त्यांनी सिकंदरला कोठडीतून बाहेर आणवलं. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि खांदे पडले होते. मयूरीला बघून तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही.

“गुरुवारी पंपावर भरलंस?” तिनं विचारलं.

“कुठलं ग. टँकरच आला नव्हता. पंप बंद. मी आपला थांबलो, पंपावरच्या आप्पाबरोबर चहा घेतला, तंबाखू मळली आणि निघालो. ह्यास्नी हेच तर सांगतोय.”

“दर गुरुवारी तिथं थांबतोस?”

“बाजार उरकला की तिथंच भरतो. दहा वर्षं झाली.”

मयूरीनं खराड्यांकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं. गुरुवार होता, गाडी पंपावर थांबली, इंजिन बंद झालं, नेहमीएवढा वेळ गेला, गाडी पुन्हा निघाली. पूरकानं धरून चाललं की भरलं. त्यानं काटा वर नेऊन ठेवला.

“अरे, पण तुला ठाऊक होतं ना भरलं नाही म्हणून?” खराडे पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. “काटा वर गेलेला बघून तुला काही वाटलं नाही?”

सिकंदरनं खाली मान घातली. “वाटलं की साहेब. म्हटलं, आपल्यालाच कमी वाटलं असंल. काटा कशाला खोटं बोलंल? आधी म्या टाकीवर बोटं वाजवून बघायचो. आता कोण वाजवतंय.” मग म्हणाला, “वाजवली असती तर त्या बाई आज जित्त्या असत्या.”



आता सर्किट तुटलं कुठं ते शोधायचं राहिलं. मयूरी मीटर घेऊन पुन्हा खाली गेली. येणारी वायर ठीक होती. अर्थिंगची वायर टाकीपासून सांगाड्याच्या एका बोल्टपर्यंत जात होती. बोल्ट धडक बसलेल्या भागापासून लांब, धडधाकट. तिनं मीटरचं एक टोक वायरीला आणि दुसरं सांगाड्याला लावलं. इथे अडथळा जवळजवळ शून्य हवा. मीटर म्हणालं, इथून काही जातच नाही. तिनं बोल्टला बोट लावलं आणि तो बोटानंच फिरला.

पाना लावायची गरज पडली नाही. बोल्ट निघाला, वॉशर निघाला. वॉशरखाली गंज होता, आणि गंजाच्या मधोमध, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर, लालपिवळा वाळलेला थर होता. चपटा दाबला गेलेला. बोटाएवढा.

हळदकुंकू.

मयूरी जीपखाली उताणी पडून त्या ठिपक्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षीची खंडेनवमी तिच्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहिली. त्या सकाळी तात्या, म्हणजे तिचे वडील दिनकर मिस्त्री, सिकंदरच्या जीपखाली होते. टाकीचं अर्थिंग साफ करायचं काम त्यांनी स्वतः अंगावर घेतलेलं. गॅरेजात लाल कापडावर सगळी हत्यारं मांडून झाली होती. पाने, पक्कड, मीटर, हातोडे, सगळी घासूनपुसून. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा तात्यांचा कडक दंडक. आरतीच्या वेळी त्यांनी हळदकुंकवाची वाटी घेऊन जीपच्या पुढच्या बाजूला बोटं लावली, चाकांना लावली, आणि मग वाटी घेऊन खाली सरकले आणि जिथं काम करत होते त्या उघड्या पत्र्यालाही एक बोट लावलं. मयूरीला तेव्हा हसू आलं होतं. कुणाला दिसणार तिथं? मग त्यांनी वॉशर ठेवला आणि बोल्ट बोटानं बसवला. दहाचा पाना कापडावर देवापुढे होता. उद्या आवळू, असं त्यांच्या मनात असणार.

पण उद्या, ऐन दसऱ्याला, ते घराबाहेर पडले आणि घर विसरले. संध्याकाळी पार आंबा घाटाच्या रस्त्यावर सापडले. त्या गडबडीत झेंडूची माळ घातलेली जीप सिकंदर घेऊन गेला. आणि तेव्हापासून आजवर काटा अंदाजानं चालत आला होता.

हे सगळं मयूरीला एका क्षणात कळलं, आणि दुसऱ्या क्षणी तिला वाटलं, अंगठ्यानं पुसून टाकावं. वाळलेलं कुंकू, एकदा अंगठा फिरवला की गेलं. कुणाला कळणार नाही. तिनं अंगठा उचललाही. मग तिला स्वतःचीच शिसारी आली.

तरी बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “अर्थिंग सैल हाय. बरंच दिवस झाल्यात.”

खराडे स्वतः खाली जाऊन बघून आले. “लाल काय आहे ते?”

“पूजेचं असंल,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं.

“हे शेवटचं कुणी उघडलं होतं?”

“आमच्याकडंच. तात्यांनी.”

“त्यांनी घट्ट केलं होतं की नाही यावर सगळं आहे,” खराडे रुमालानं हात पुसत म्हणाले. “त्यांनी घट्ट केलं असेल, तर नंतर कुणीतरी उघडलं. वडापवाले अर्थिंग मुद्दाम काढतात, ताई. सेन्सर मेला की टाकी भरलेली की रिकामी ते इंधनाचं रेशन देणाऱ्या कार्यालयाला कळत नाही, मग इथेनॉल दोनदा घेता येतं. तसं असेल तर मग तो नुसता निष्काळजी नाही. त्याने गाडीशी छेडछाड केली आणि त्यातून एक बाई मेली.”

ठाण्याच्या दारात यास्मिन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती मयूरीकडे बघत होती, आणि मयूरीनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

गॅरेजच्या ओट्यावर तात्या खुर्ची टाकून बसले होते. स्वच्छ धुतलेली टोपी, समोर पेपर. तिघांना आत येताना बघून उठले.

“या साहेब. मयू, पाणी आण. यास्मिन, सिकंदराचं काय झालं ग? जेवतोय का पोरगं?”

कुणाला सांगून खरं वाटलं नसतं की हाच माणूस आठ-दहा महिन्यांमागे घराचा रस्ता विसरला होता. दिवाळीनंतर त्यांच्या कानामागे सय आली, बोटाच्या पेराएवढी पट्टी. गाड्यांच्या पूरकाची जी विद्या, तीच हिचीही. आठवणीत जिथं भोक पडतं तिथं ती अंदाज भरायची, आणि कानामागच्या हाडातून इतक्या हळू कुजबुजायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं. ती शिकली होती घरच्यांकडून. दवाखान्यातली मुलगी संध्याकाळी येऊन बसायची आणि मयूरी सांगायची: तात्या कसे बोलतात, काम कसं करतात, कुणाला काय म्हणतात. आई कधी गेली. ती स्वतः, म्हणजे त्यांची मुलगी, किती वर्षांनी परत आली.

मुलगी परत आली, एवढंच तिनं सांगितलं होतं. त्याआधीचं सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा तात्या दारात उभे राहून म्हणाले होते, मला मुलगी न्हाई. ते लग्न मोडलं, ती पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात राबली, आई गेल्यावर परत आली, तरी ते बोलले नाहीत. शेजारीशेजारी काम करायचे आणि पाना हवा असला तर हात पुढे करायचे, तोंड उघडायचे नाहीत. विसरायला लागले तेव्हाही तिच्यावरचा राग तेवढा विसरले नाहीत. आणि मग सय लागली. थोड्याच दिवसांत, तिनं पुढ्यात ताट ठेवलं असताना ते वर बघून म्हणाले, “बरं केलंस आलीस, मयू.” ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली होती. त्यानंतर हे घर पुन्हा घर झालं. दोघं एकत्र जेवत होते, भांडत होते, एका वायरीवरून तासभर वाद घालत होते. गेल्या वीस वर्षांत ती इतकी सुखात नव्हती.

खराड्यांनी रेकॉर्डर ओट्यावर ठेवला आणि विचारलं.

तात्यांनी क्षणभर डोळे बारीक केले. “सिकंदराची जीप? गेल्या खंडेनवमीला की. टाकीचं अर्थिंग साफ केलं, पत्रा खरवडला, आणि दहाच्या पान्यानं आवळला बोल्ट. वर आणखी अर्धा आटा. माझं अर्थिंग सुटलेलं कुणी दाखवावं साहेब, गॅरेजला कुलूप लावीन.”

“पक्कं आठवतंय?”

“ह्या हातानं आवळलाय,” तात्या म्हणाले आणि हात पुढे केला. हात जराही कापत नव्हता.

खराड्यांनी रेकॉर्डर बंद केला. “सय लावलेल्या माणसाची साक्ष कायद्याने चालते,” ते यास्मिनकडे न बघता म्हणाले. “ती आठवण जागी करते, बनवत नाही, असं मानलेलं आहे. मला हे नोंदवावं लागेल.”

 यास्मिन ओट्याच्या कडेला बसली आणि तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. तिचा आवाज फुटू नये म्हणून धडपड चालली होती, आणि तात्या मायेनं तिच्या डोक्यावर हात फिरवत होते. “रडू नगं पोरी. खरं हाय ते होईल.”

 तात्या खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक बोल्ट दहाच्या पान्यानं आवळला, वर अर्धा आटा. सयनं धरून चाललं की हाही आवळला. गाडी पंपावर थांबली म्हणजे भरलीच. आता काय करायचं ते मयूरीला ठाऊक होतं; तासाभरापूर्वीच जीपखाली टाकीची वायर ओढून काढताना तिनं तेच केलं होतं. फक्त तिथं ते सोपं होतं.

“साहेब, रेकॉर्डर चालू करा,” ती म्हणाली. “वॉशरखाली कुंकू होतं ते तुम्ही बघितलंय. ते तात्यांचं बोट हाय. पूजेच्या वेळी बोल्ट उघडा होता, आणि पाना देवापुढं होता. मी तिथंच उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

“काय बोलतीस मयू?” तात्या खवळले. “मी आवळलाय म्हटलं न्हवं?”

“आणि सय दिवाळीनंतर लागली. दसऱ्याला ती कानात नव्हतीच. तिला ठाऊकच न्हाई काय झालं ते.” ती त्यांच्याकडे वळली. “तात्या, मला माफ करा.”

तिनं त्यांच्या कानामागे हात नेला आणि पट्टी ओढून काढली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. तात्यांच्या चेहऱ्यावरचा रागही तसाच होता, फक्त तो कशावर आहे ते त्यांना आठवेना. मग तो हळूहळू उतरत गेला. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, रेकॉर्डरकडे पाहिलं, आणि पेपर उचलून उलटा धरला.

“दिनकरराव,” खराडे खाली वाकून मऊ आवाजात म्हणाले, “सिकंदरच्या जीपचा बोल्ट तुम्ही आवळला होता का?”

“सिकंदर कोण?” तात्यांनी विचारलं. मग आजूबाजूला बघत, “ह्ये कुणाचं गॅरेज हाय? मला घरी जायचंय. कोण न्हेतंय मला घरी?”

यास्मिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खराडे सरळ उभे राहिले. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यांना ते घ्यावंसं वाटत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. “पुरे, ताई,” ते म्हणाले. “लावा ते परत.”

पण मयूरीला थांबता आलं नाही. तिला आणखी एक वायर तपासायची होती. ती तपासू नये हे तिला कळत होतं, आणि तरी ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

“तात्या, मी मयू.”

तात्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला, दारात उभे राहिले होते त्या दिवशीसारखा.

“मयू गेली,” ते म्हणाले. “मला मुलगी न्हाई.”

खराड्यांनी यास्मिनला बाहेर नेलं. जाताना ते मयूरीला म्हणाले की सिकंदरवरचं छेडछाडीचं कलम टिकणार नाही, इंधन संपल्याचं मान्य होईल, तो परवापर्यंत सुटेल. गॅरेजचा परवाना मात्र रद्द करावा लागेल, आणि चौकशीला तिला बोलावणं येईल. ती नुसती मान हलवत होती. यास्मिन फाटकापर्यंत गेली आणि परत आली, मयूरीच्या पाठीवर डोकं टेकून क्षणभर उभी राहिली आणि गेली.

पट्टी मयूरीच्या तळहातावर होती. तात्या खुर्चीतून उठून भिंत चाचपत दार शोधत होते. घरी जायचंय, घरी जायचंय, एवढंच चाललं होतं. ज्या दाराला ते हात लावत होते ते घराचंच होतं.

ती पट्टी तशीच ठेवता आली असती. खरं काय ते आता तिला ठाऊक झालं होतं. टाकीत काय शिल्लक आहे ते तिनं स्वतः बोट वाजवून बघितलं होतं. मुलगी परत आली म्हणजे बापानं बरं केलंस म्हटलंच असणार, असा कुणी तरी अंदाज बांधला होता, आणि त्या अंदाजावर ती इतके महिने जेवत होती, हसत होती.

तिनं तात्यांना धरून खुर्चीत बसवलं. ते तिचा हात झिडकारत होते. तिनं त्यांचं डोकं छातीशी धरलं, कानामागे पट्टी बसवली आणि वाट बघत राहिली.

हळूहळू त्यांचे हात शांत झाले. डोळे स्थिर झाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि दाराकडे पाहिलं.

“गेले व्हय साहेब? काय म्हणाले?”

“सिकंदर सुटतोय.”

“सुटणारच. बोल्ट तर मी आवळला होता.”

मयूरीनं त्यांच्याकडे पाहिलं. “व्हय तात्या,” ती म्हणाली. “दहाच्या पान्यानं.”

“वर अर्धा आटा.”

“वर अर्धा आटा.”

तात्यांचं समाधान झालं. त्यांनी पेपर सुलटा केला, चष्मा नाकावर ओढला, आणि त्याच्यावरून तिच्याकडे बघत मायेनं म्हणाले, “बरं केलंस आलीस, मयू.”

ती “हं” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.